मेथी : आहार, औषध आणि सांगोवांगीची हदीस

नोव्हेंबर सरत आला की नागपूरच्या हवेत गारवा उतरतो आणि कॉटन मार्केटपासून मोमिनपुऱ्यातील हातगाड्यांपर्यंत मेथीच्या हिरव्यागार जुड्यांचे ढीग दिसू लागतात. विदर्भातील हिवाळा आणि मेथी यांचे नाते जुने आहे. कुठे ज्वारीच्या भाकरीसोबत लसणाच्या फोडणीची भाजी होते, कुठे कच्च्या पाल्याचा घोळाणा होतो, आणि आपल्या घरांतून मेथी-गोश्त व मेथी-कीमा शिजतो. ज्या घरात नुकतेच बाळ जन्मले आहे तिथे मेथीदाण्याचे लाडू वळले जातात.

अलीकडे काही वर्षांपासून याच दिवसांत मोबाइलवर एक संदेशही फिरू लागतो. मेथीचे गुण उम्मतला ठाऊक असते तर तिने मेथी सोन्याच्या भावाने विकत घेतली असती, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावे दिलेले असते. त्याखाली मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत वीस-पंचवीस विकारांची यादी, आणि शेवटी हा संदेश पुढे पाठवून सवाब मिळवण्याचे आवाहन. श्रद्धावंत माणूस तो वाचतो, डोळ्यांना लावतो आणि पुढे पाठवतो. या वाक्याची तहकीक मात्र फारसे कुणी करीत नाही.

वास्तविक ती अवघड नाही. इमाम इब्ने कय्यिम (रह.), ज्यांचे निधन हिजरी ७५१ मध्ये झाले, त्यांच्या ‘जादुल मआद’ या ग्रंथात वैद्यकाचा विस्तृत भाग आहे आणि त्यात वर्णानुक्रमे अनेक खाद्यपदार्थ व वनस्पतींची माहिती येते. अरबीत मेथीला ‘हुल्बा’ म्हणतात. हुल्बाच्या नोंदीत सोन्याच्या भावाचे हे वाक्य आहे, परंतु तिथे इमामसाहेबांनी ते काही वैद्यांचे म्हणणे म्हणून दिले आहे, प्रेषितांचे (स.) वचन म्हणून नव्हे. हेच वाक्य हदीसच्या रूपातही काही संग्रहांत शिरले होते, इमाम इब्नुल जौजी (रह.) यांनी त्याची गणना आपल्या ‘अल-मौजूआत’ या ग्रंथात, म्हणजे रचलेल्या कथनांत केली आहे. वैद्यांचे कौतुकाचे वाक्य कालांतराने प्रेषितवाणी म्हणून फिरू लागले, एवढाच या संदेशाचा इतिहास.

मेथीने बरे होण्याचा प्रयत्न करावा, अशा आशयाचे दुसरे एक छोटे कथन त्याच नोंदीत कासिम बिन अब्दुर्रहमान यांच्या हवाल्याने आले आहे. कासिम हे ताबिई होते. त्यांनी प्रेषितांना (स.) पाहिले नव्हते आणि मधल्या सहाबींचे नाव या कथनात नाही. अशा कथनास ‘मुर्सल’ म्हणतात. शिवाय इमामसाहेब त्याची सुरुवात ‘असे सांगितले जाते’ या शब्दांनी करतात. मुहद्दिसांच्या परिभाषेत ही शब्दयोजनाच सनदीविषयीची सावधगिरी दाखवते. सातशे वर्षांपूर्वी, हाताने ग्रंथ लिहिताना त्यांनी जी काळजी घेतली, ती बोटाच्या एका स्पर्शाने संदेश पाठवताना आपण घेत नाही. आणि प्रेषितांच्या (स.) नावे जाणूनबुजून असत्य सांगणाऱ्याने आपले ठिकाण नरकात शोधावे, ही ताकीद तर अनेक सहाबींकडून अत्यंत भक्कम सनदींनी आपल्यापर्यंत पोहोचलेली आहे. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्यामागे लागू नये, असा आदेश पवित्र कुरआनात सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) आहे.

येथे कुणी विचारील, की औषधच तर आहे. हदीस म्हणून खाल्ले काय अन् भाजी म्हणून खाल्ले काय, फरक काय पडतो? हाच प्रश्न मीही पूर्वी विचारला असता. माझ्या खालाजानचे उदाहरण पाहिल्यावर तो विचारण्याचे धाडस उरले नाही.

खालाजानला बारा वर्षांपासून मधुमेह होता आणि रोजच्या गोळ्या सुरू होत्या. हा संदेश तिला मिळाला तेव्हा तिने रात्री एक चमचा मेथीदाणा भिजवून फज्रच्या नमाजनंतर चावून खाण्यास सुरुवात केली. इथवर काहीही बिघडले नव्हते. पंधरवड्याने तिने गोळ्या सोडल्या आणि ते कुणाला सांगितलेही नाही. मला कळले तेव्हा मी विचारले, “खालाजान, गोळ्या बंद केल्याचं डॉक्टरांना तरी सांगितलं का?” ती शांतपणे म्हणाली, “बेटा, नबींची दवा सुरू असताना डॉक्टरांना काय विचारायचं?” या उत्तरावर मला काही सुचले नाही. वाद घातला असता तर तो गोळ्यांविषयीचा न राहता ईमानाविषयीचा झाला असता, आणि मोठ्या खालाशी त्या विषयावर वाद घालण्याची आपल्या घरात रीत नाही. मी गप्प बसलो. तीन-चार महिन्यांनी चप्पल चावून तिच्या उजव्या पायाला जखम झाली. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असल्याने ती तिला जाणवलीच नाही. सरकारी रुग्णालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पण तिथे जाईपर्यंत जखम चिघळली होती आणि दोन बोटे काढावी लागली.

यात मेथीचा दोष नव्हता. एका भाजीच्या दाण्यावर ‘हदीस’ हा शब्द चिकटवला गेला आणि त्यामुळे त्याच्याविषयी प्रश्न विचारणेच बंद झाले, हा दोष होता. माझ्या गप्प बसण्याचाही त्यात वाटा होता.

प्रेषितांची (स.) स्वतःची रीत काय होती, हे पाहिले म्हणजे खालाजानचे उत्तर किती चुकीच्या पायावर उभे होते ते कळते. सहीह मुस्लिममध्ये ह. जाबिर (रजि.) यांचे कथन आहे, की प्रेषितांनी (स.) ह. उबय बिन कअब (रजि.) यांच्याकडे एक वैद्य पाठवला आणि त्याने त्यांची शीर छेदून तिला डाग दिला. म्हणजे दुआ होतीच, तरीही वैद्य पाठवला गेला. सुनन अबू दाऊदमध्ये ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आजारपणाचा प्रसंग आहे. प्रेषित (स.) त्यांच्या भेटीस गेले, छातीवर हात ठेवला आणि सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. या कथनाच्या सनदीवर काही मुहद्दिसांनी आक्षेप घेतला आहे, हे नमूद केले पाहिजे. हारिस हे ताइफचे नामांकित वैद्य. त्यांनी इस्लाम स्वीकारला होता की नाही याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि म्हणूनच या प्रसंगाच्या आधारे बिगरमुस्लिम वैद्याचा सल्ला घेता येतो, असे काहींनी म्हटले आहे.

मेथीचा संबंध येथेच येतो. ‘जादुल मआद’मध्ये असे सांगितले जाते, या सावध शब्दांनी याच दोघांचा एक प्रसंग दिला आहे. ह. सअद (रजि.) मक्केत आजारी असता हारिसना बोलावण्यात आले. त्यांनी तपासून धोका नसल्याचे सांगितले आणि ताज्या अजवा खजुरांसोबत मेथी शिजवून तिची पेज पिण्यास दिली. सनदीच्या दृष्टीने हा प्रसंग भक्कम नाही, आणि मी तो पुरावा म्हणून सांगत नाही. तरीही त्याची मांडणी पाहावी. मेथीची योजना वैद्य करतो, तीही रुग्णाला तपासून. ज्याला वैद्यकाचे ज्ञान नाही आणि तरीही जो उपचार करतो, तो झालेल्या हानीस जबाबदार आहे, या आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मोबाइलवरून वीस आजारांचे औषध वाटणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

आता मेथीकडे वळू. पवित्र कुरआनात तिचा नामोल्लेख नाही. पण त्यामुळे तिचे मोल उणे होत नाही. जमिनीतून उगवणारे प्रत्येक पान ही अल्लाहचीच देणगी आहे आणि तिचे गुण शोधणे हे माणसाच्या बुद्धीचे काम.

मेथी ही वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातील वनस्पती. तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत मुरवतात. वनस्पतिशास्त्रातील तिच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘ग्रीक गवत’ असा होतो, कारण भूमध्य समुद्राच्या काठी ती प्रामुख्याने गुरांचा चारा होती. इजिप्तचा फिरऔन तुतनखामेन याची कबर १९२२ मध्ये उघडली गेली, तेव्हा तिच्यातही मेथीचे दाणे सापडले. भारतात ती सर्वाधिक पिकते राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरात या पट्ट्यात. युनानी हकीम तिचा मिजाज उष्ण व रूक्ष मानतात. आयुर्वेदही तिला उष्णच म्हणतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, मेथीचे लाडू कुणी वळत नाही, ही आपल्या आजींची समज त्या दोन्ही शास्त्रांशी जुळणारी होती.

पाला आणि दाणा यांचे गुण वेगळे आहेत, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. पाला ही भाजी आहे. शंभर ग्रॅम पाल्यात सुमारे ४ ग्रॅम प्रथिने असतात. चुना अर्थात कॅल्शियम भरपूर, शिवाय लोह आणि डोळ्यांना उपकारक असे बीटा-कॅरोटिन. ती आठवड्यातून दोन-तीनदा पोटभर खावी. दाण्याची गोष्ट निराळी. त्यात सुमारे २५ टक्के प्रथिने आणि त्याहून कितीतरी जास्त तंतू असतात. दाणा रात्रभर भिजवला की पाणी बुळबुळीत होते, ते त्यातील गॅलॅक्टोमॅनन नावाच्या विद्राव्य तंतूमुळे. हाच बुळबुळीतपणा औषधी उपयोगाचे मुख्य कारण आहे. आतड्यात या तंतूचा घट्टसर लगदा होतो, अन्नातील साखर त्यात अडकते आणि रक्तात सावकाश उतरते. जेवणानंतर साखरेची जी उसळी येते ती त्यामुळे बोथट होते. बद्धकोष्ठावर उपयोग होतो तोही याच तंतूंचा. याखेरीज दाण्यात एक विशिष्ट अमिनो आम्ल असते. ते स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्यास उत्तेजन देते असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे.

आपल्या देशातच यावर काम झाले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेही रुग्णांवर केलेला एक प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तेल काढून घेतलेल्या मेथीदाण्याची १०० ग्रॅम पूड, दोन समान भागांत, दुपारच्या व रात्रीच्या जेवणातून दहा दिवस देण्यात आली. उपाशीपोटीची साखर लक्षणीय घटली, लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी कमी झाली आणि कोलेस्टेरॉलही उतरले. परिणाम खरा आहे. मात्र मात्रा पाहा. चहाचा एक चमचा मेथी म्हणजे जेमतेम चार-पाच ग्रॅम. त्या रुग्णांना वीस चमचे आणि वर मिळत होते, तेही जेवणात मिसळून आणि वैद्यकीय देखरेखीखाली. खालाजानचा एक चमचा गोळ्यांची जागा घेऊ शकला नसता, हे या आकड्यांवरूनच स्पष्ट होते. गोळ्यांसोबत त्याने थोडी मदत निश्चित केली असती. आजही ती भिजवलेली मेथी खाते, गोळ्याही घेते आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासते.

मधुमेहींनी मेथी घ्यायची असेल तर एका चमच्याने आरंभ करावा, ती जेवणासोबत घ्यावी आणि पाणी भरपूर प्यावे. एकदम जास्त घेतल्यास पोट फुगते, जुलाबही होतात. तंतूंच्या लगद्यात औषध अडकू नये म्हणून गोळी आणि मेथी यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. मेथी सुरू केल्याचे डॉक्टरांना सांगावे. साखर उतरू लागली तर गोळीची मात्रा कमी करायची की नाही ते त्यांनी ठरवायचे. रमजानमध्ये ही दक्षता दुप्पट हवी. सहरीला गोळी किंवा इन्सुलिन घेऊन वर मेथीचे पाणी प्यायले आणि दिवसभर पोट रिकामे राहिले, तर असरच्या सुमारास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अचानक घाम, हातापायांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. अशा वेळी इफ्तारला अर्धाच तास उरला आहे म्हणून कळ काढत बसू नये. रोजा सोडून ताबडतोब साखर वा खजूर घ्यावा. आजाऱ्याला दिलेली सवलत सूरह बकरहमध्ये (२:१८४-१८५) स्पष्ट आहे, आणि अल्लाहची सवलत नाकारण्यात कसलीही धार्मिकता नाही.

बाळंतिणीच्या मेथीविषयी थोडे. मेथीने दूध वाढते ही समजूत भारतापासून अरबस्तानापर्यंत आहे. गंमत अशी, की अरबीत ‘हुल्बा’ आणि दुधासाठीचा ‘हलीब’ हे दोन्ही शब्द ह-ल-ब या तीन अक्षरांचेच आहेत. या विषयावरील वैद्यकीय प्रयोग लहान असून त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत दूध वाढले, काहींत फरक दिसला नाही. लाडवांत मेथीसोबत डिंक, खोबरे, तूप आणि गूळ असतो, बाळंतिणीला विश्रांती मिळते, घरातील बायका भोवती असतात, आणि बाळ वारंवार पाजले जाते. दूध या सगळ्याने येते. तेव्हा लाडू अवश्य द्यावेत. केवळ लाडवांवर भिस्त ठेवून बाळाचे वजन पाहणे सोडू नये.

गर्भवतीने मात्र दाणा औषधाच्या मात्रेत घेऊ नये. भाजी, पराठा, फोडणीतील चिमूटभर दाणे यांस हरकत नाही. चमचे भरून पूड किंवा काढा नको. मेथीत सोटोलोन नावाचे एक सुगंधी द्रव्य असते. ते घामातून आणि लघवीतून बाहेर पडते व काकवीसारखा गोडसर वास येतो. बाळंतपणाच्या आधी आईने पुष्कळ मेथी खाल्ली आणि नवजात बाळाच्या लघवीला तसाच वास आला, म्हणून डॉक्टरांना एका गंभीर आनुवंशिक विकाराची शंका आली, अशी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आपण काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगितले, तर असा घोर टळतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच शेंगदाणा किंवा हरभरा खाल्ल्याने ज्यांच्या अंगावर गांधी उठतात त्यांनी, मेथीदाणा विचारल्यावाचून घेऊ नये.

मोड आलेली मेथी हल्ली पौष्टिक म्हणून कच्ची खाल्ली जाते. २०११ च्या उन्हाळ्यात जर्मनीत कच्च्या मोडांतून एका घातक जिवाणूचा फैलाव झाला. सुमारे ४,००० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक मरण पावले. कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली. शोध घेता घेता संशय इजिप्तहून आयात झालेल्या मेथीदाण्यांवर येऊन थांबला. दाण्यावर डोळ्यांना न दिसणारी घाण असली, तर मोड येण्यासाठी लागणारी ऊब व ओल त्या जंतूंनाही मानवते. म्हणून मोड काढायचे तर भांडे आणि पाणी स्वच्छ असावे, आणि मोडांची उसळ चांगली शिजवूनच खावी. लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांना कच्चे मोड देऊ नयेत.

भाजीसाठी कोवळी, लहान पानांची जुडी घ्यावी. ती निवडून तीन-चार पाण्यांतून धुवावी, कारण मातीचे कण देठांत अडकून राहतात. घोळाण्यासाठी तर अधिकच काळजीने धुवावी. कडवटपणा जावा म्हणून पाला मिठात चोळून पिळून टाकण्याची पद्धत आहे. तिने कडूपणासोबत जीवनसत्त्वेही मोरीत जातात. त्याऐवजी मूठभर मुगाची डाळ किंवा थोडे बेसन घालावे. गोश्तमध्ये पाला शेवटच्या दहा मिनिटांत घातला की पुरतो. इतवारीच्या किराणा बाजारात वाळवलेल्या मेथीला दुकानदार कधी ‘कसुरी’ म्हणतो, कधी ‘नागौरी’. पहिले नाव आज पाकिस्तानात असलेल्या कसूर शहरावरून आणि दुसरे राजस्थानातील नागौरवरून आले आहे. आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ तिला अभिमानाने ‘नागपुरी’ म्हणत आणि दुकानदारही त्यांना तसेच म्हणू देत असे. हिवाळ्यात जुडी स्वस्त होते तेव्हा घरीच पाला सावलीत वाळवून हवाबंद डब्यात भरून ठेवला, तर ‘नागपुरी’ हे नावही खरे ठरते आणि उन्हाळ्यातील डाळीला चिमूटभर पुरते.